मालक नसलेली औषधे

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे जुन्या औषधांतून नवी प्रतिजैविके शोधण्याचा. विषय वैद्यकाचा, आणि बोलायला उभा केला आहे अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. या व्याख्यानापुरते जे लागते ते मी डॉक्टर मित्रांकडून आणि छापील साहित्यातून समजून घेतले आहे. परंतु एखाद्या कामाचे महत्त्व शास्त्रज्ञांना मान्य असते, नव्या शोधाच्या मानाने त्याचा खर्च थोडा असतो, उपयोग कोट्यवधी लोकांना होणार असतो आणि तरीही ते काम वर्षानुवर्षे पडून राहते, तेव्हा अडचण प्रयोगशाळेत शोधून सापडत नाही. ती मालकीच्या व्यवस्थेत शोधावी लागते. आणि हा तर तुमचा-माझा जुनाच विषय आहे.

प्रश्न थोडक्यात असा. पेनिसिलिनपासून सुरू झालेल्या औषधांनी गेल्या ऐंशी वर्षांत जंतुजन्य रोगांवर जी हुकूमत मिळवली ती आता सैल होत चालली आहे. औषध जितके वापरावे तितके त्याला दाद न देणारे जंतू मागे उरतात आणि वाढतात. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे केवळ औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला. या मृत्यूंचा भार गरीब देशांवर अधिक आहे. प्रसूत झालेली बाई, जखम चिघळलेला शेतमजूर, न्यूमोनियाने कण्हणारे मूल यांना पहिले औषध लागू पडले नाही तर दुसरे महाग असते, तिसऱ्यासाठी कर्ज काढावे लागते. चौथे असतेच असे नाही.

मग नवी औषधे का निघत नाहीत? १९८० नंतर प्रतिजैविकांचे खरोखर नवे असे वर्ग फारच थोडे आले. त्याचे कारण भांडवलाच्या हिशेबात आहे. मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो. प्रतिजैविक सात-आठ दिवस घेतो आणि बरा होतो. त्यातून नवे प्रतिजैविक निघाले तर वैद्यकाचा सल्ला असा की ते कपाटात राखून ठेवा, अगदी गरज पडली तरच वापरा. जो माल कमीत कमी खपावा अशी समाजाची गरज आहे, तो माल काढण्यासाठी कोणता भांडवलदार पैसा गुंतवील? २०१८ साली अमेरिकेतील अकेओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला परवानगी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. औषध चांगले होते. ते आपल्या मुंबईच्या सिप्लाने लिलावात घेतले. नोव्हार्टिसने २०१८ मध्ये जंतुरोधक औषधांचे संशोधन बंद केले. क्षयावर काम करणारे बंगळूरचे अ‍ॅस्ट्राझेनेकाचे केंद्र त्याआधीच, २०१४ मध्ये, बंद झाले होते. या कंपन्यांना दूषण देऊन उपयोग नाही. नफा हाच ज्यांचा धर्म, त्यांनी धर्माप्रमाणेच वर्तन केले. ब्रिटनने २०२२ पासून दोन प्रतिजैविकांसाठी कंपन्यांना किती माल खपला हे न पाहता ठरावीक वार्षिक रक्कम देण्याची पद्धत सुरू केली. बाजाराच्या माहेरघरी बाजाराने हात टेकल्याची ही कबुली होय.

आता जुन्या औषधांकडे येऊ. एका रोगासाठी तयार झालेला रेणू दुसऱ्या रोगावर चालू शकतो, ही कल्पना नवी नाही. आपण कशासाठी जन्मलो हे रेणूला ठाऊक नसते. २०१८ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी बाजारातील हजारांहून अधिक औषधे माणसाच्या आतड्यातील ४० प्रकारच्या जंतूंवर लावून पाहिली. माणसाच्या शरीरावर काम करण्यासाठी बनवलेल्या, म्हणजे जंतूंशी काही देणेघेणे नसलेल्या औषधांपैकी सुमारे चोवीस टक्के औषधांनी कोणत्या ना कोणत्या जंतूची वाढ रोखली. २०२० साली अमेरिकेत संगणकाला सुमारे सहा हजार रेणूंची यादी चाळायला लावली, तेव्हा मधुमेहासाठी अभ्यासलेला एक रेणू प्रभावी जंतुनाशक असल्याचे आढळले. त्याला हॅलिसिन हे नाव मिळाले. बातम्यांत त्याचा मोठा गाजावाजा झाला. उंदरांवर त्याचा गुण दिसला. माणसांवरील चाचणीपर्यंतची वाट मात्र लांब आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. काचेच्या बशीत जंतू मारणे सोपे असते. तेवढी मात्रा रक्तात पोचवायची तर माणसालाच अपाय होईल, असे अनेक औषधांच्या बाबतीत घडते. पट्टकृमींवरचे निक्लोसामाइड प्रयोगशाळेत अनेक जंतूंवर चालते, पण आतड्यातून ते रक्तात फारसे शोषले जात नाही. म्हणून जुने औषध म्हणजे तयार औषध, असा समज कोणी करून घेऊ नये. त्याचा फायदा मर्यादित पण खरा आहे: ते बनवायचे कसे हे ठाऊक असते, माणसाला किती मात्रा सोसते व कोणता अपाय होतो याची वर्षानुवर्षांची नोंद असते. नव्या रेणूचा पहिला, दीर्घ आणि जोखमीचा टप्पा त्यामुळे बराचसा वाचतो. उरतो तो खऱ्या रोग्यांवर त्याचा उपयोग पद्धतशीर पडताळण्याचा टप्पा. नेमका तोच टप्पा कोणी करीत नाही.

याचे उदाहरण द्यायला मी तुम्हाला परदेशात नेणार नाही. ते येथून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला आहे.

कुष्ठरोगाचा आणि आपल्या विदर्भाचा संबंध जुना. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेने दत्तपूरला काम सुरू केले. बाबा आमट्यांचे वरोऱ्याचे काम १९४९ चे. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. या संस्थांच्या सेवाभावाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या हाती औषध कोणते होते, आणि ते आले कोठून, याबद्दल मात्र फार थोडे लिहिले गेले.

पूर्वी औषध म्हणजे कडू कवठाचे तेल. ते टोचताना रोगी विव्हळत असे आणि गुण यथातथाच येई. मग आले डॅप्सोन. हा रेणू १९०८ साली जर्मनीत फ्रोम आणि विटमन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तयार केला. त्यांच्या मनात रोग नव्हता. तो काळ रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्राचा होता. योगायोग असा की त्याच १९०८ साली व्हिएन्नामध्ये गेल्मो नावाच्या तरुण संशोधकाने सल्फानिलमाइड हा दुसरा रेणू तयार केला, तोही असाच. दोन्ही रेणू पाव शतकाहून अधिक काळ शीशीत पडून राहिले.

या दुसऱ्या रेणूची कथा अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावी अशी आहे, म्हणून वाट जरा वाकडी करतो. १९३५ मध्ये जर्मनीतील बायरने प्रॉन्टोसिल हे तांबडे औषध जाहीर केले. जंतूंच्या तापावर चालणारे ते पहिले मोठे रासायनिक औषध. त्याचे पेटंट घेतलेले, मक्तेदारी पक्की. पण त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असे आढळले की त्या रंगाचा औषधाशी संबंधच नाही. शरीरात गेल्यावर प्रॉन्टोसिल फुटते आणि त्यातून निघणारे बिनरंगी सल्फानिलमाइडच काय ते काम करते. आणि सल्फानिलमाइडचे पेटंट तर केव्हाच संपलेले! ते कोणीही बनवावे, कोणीही विकावे. कोट्यवधींचा नफा ज्याच्यावर उभा राहायचा तो पाया हा असा बेवारस निघाला. औषध स्वस्त झाले, आणि पेनिसिलिन येण्यापूर्वीची काही वर्षे जगाने त्याच्यावर काढली. रेणूला मालक नसला तर त्याचा प्रसार किती वेगाने होतो, हे येथे दिसते. पण त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: हा शोध लावला तो पाश्चर संस्थेने. औषधविक्रीच्या नफ्यावर डोळा ठेवणाऱ्याला तो लावण्यात काही स्वारस्य नव्हते.

डॅप्सोनकडे परत. १९३७ च्या सुमारास ते जंतूंवर चालते हे कळले, पण विषारी म्हणून बाजूला पडले. १९४१ मध्ये अमेरिकेतील कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात त्याच्या एका भाऊबंदाचा उपयोग दिसला. १९४६ मध्ये डॉ. कॉक्रेन यांनी आपल्याकडे, मद्रास इलाख्यातील चेंगलपट्टू येथे, खुद्द डॅप्सोन तेलातून टोचून वापरले. पुढे लो यांनी नायजेरियात ते पोटातून, अगदी लहान मात्रेत देऊन दाखवले. विषारीपणा मात्रेचा होता, रेणूचा नव्हता. हे ठरवायला दहा वर्षे लागली आणि ते ठरवले वसाहतींतील सरकारी व मिशनरी दवाखान्यांतील डॉक्टरांनी. गोळी अत्यंत स्वस्त होती. वर्ध्याच्या फाउंडेशनमध्ये डॉ. वारदेकरांनी घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी जी पद्धत बसवली, तीमुळे रोगी आश्रमात कोंडण्याऐवजी आपल्या गावात, आपल्या घरात राहून बरा होऊ शकला. १९५५ च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने ही पद्धत उचलली. मालक नसलेल्या गोळीवाचून ती चाललीच नसती. महाग औषध घेऊन कोण खेडोपाडी हिंडणार?

मग जे सर्व जंतुनाशकांचे होते तेच डॅप्सोनचे झाले. एकटे औषध वर्षानुवर्षे दिले, जंतू निर्ढावले. १९६४ मध्ये मलायातून पहिला पक्का पुरावा आला आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत ही तक्रार सर्वत्र पसरली. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, तिला आपण बहुविध औषधोपचार म्हणतो. भारतात त्याचा जिल्हा पातळीवरील आरंभ ज्या दोन जिल्ह्यांत झाला त्यांतील एक वर्धा, दुसरा बंगालमधील पुरुलिया. ही तीन औषधे कोणती ते पाहा. डॅप्सोन रंगांच्या काळातले. रिफॅम्पिसिन मुख्यतः क्षयासाठी बाजारात आलेले. तिसरे क्लोफाझिमिन, तेही क्षयासाठीच बनवलेले. कुष्ठरोगासाठी म्हणून जन्मलेले औषध त्यांत एकही नाही. कुष्ठरोग हा दरिद्र्यांचा रोग. त्याच्यासाठी मुद्दाम रेणू घडवायला पैसा कोणी लावला नाही. दुसऱ्यांसाठी शिवलेले कपडे बेतून त्याला घातले गेले, आणि त्या कपड्यांवर देशाने डिसेंबर २००५ पर्यंत रोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आणले. पूर्व विदर्भात आजही नवे रोगी सापडतात हे मी विसरलेलो नाही.

या तिसऱ्या औषधाचा प्रवास मला विशेष बोधप्रद वाटतो. क्लोफाझिमिन १९५४ मध्ये डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. क्षयाच्या काही प्रायोगिक प्राण्यांत ते उत्तम ठरले, काहींत निष्प्रभ. तोवर क्षयाची दुसरी औषधे आलेली होती, म्हणून ते मागे पडले. १९६२ मध्ये नायजेरियात कुष्ठरोगावर त्याचा गुण आढळला. तेथून पुढे चाळीस-पन्नास वर्षे ते कुष्ठरोगाचेच औषध राहिले. दरम्यान क्षयाचे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देईनासे झाले. अशा रोग्यांवर उपचार म्हणजे दीड-दोन वर्षे, त्यात महिनोन्महिने सुया, बहिरेपणाचे भय आणि तरीही निम्म्यांच्या बाबतीत अपयश. तेव्हा बांगलादेशात डेमियन फाउंडेशन या संस्थेने क्लोफाझिमिनचा समावेश असलेली नऊ महिन्यांची उपचारपद्धती बसवली आणि २०१० मध्ये २०६ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला: सुमारे ८८ टक्के बरे झाले आणि रोग उलटला नाही. आता ही संस्था मूळची कोणाची? कुष्ठसेवकांची. कुष्ठरोगाचे औषध त्यांच्या कपाटात होते, क्षयाचे रोगी त्यांच्या ओसरीवर होते. पेटंटाच्या अपेक्षेने कोणी तेथे आले नव्हते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षयाच्या औषधांत क्लोफाझिमिनला वरचे स्थान दिले. जे औषध क्षयासाठी जन्मले ते अर्ध्या शतकानंतर क्षयाकडे परत आले. मधल्या काळात किती माणसे गेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११ च्या अखेरीस, तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणारे क्षयाचे रोगी जगापुढे मांडले तेव्हा मोठे वादळ उठले. सरकारचा भर नावावर आक्षेप घेण्यावर अधिक होता. त्याच सुमारास, हाती काहीच उरले नाही अशा रोग्यांवर उदवाडिया यांनी थायोरिडाझिन वापरून पाहिले आणि तो अनुभव प्रसिद्ध केला. थायोरिडाझिन हे मनोरुग्णांसाठीचे जुने, स्वस्त औषध. या वर्गातील औषधे क्षयाच्या जंतूंवर चालतात हे १९५० च्या दशकापासून नोंदलेले आहे. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो म्हणून मूळ कंपनीने ते २००५ मध्ये मागे घेतले. प्रश्न असा की त्याचा उपयोग आहे की नाही? आहे असेही मी म्हणत नाही, नाही असेही म्हणत नाही. मोठी, काटेकोर चाचणी झाल्यावाचून ते ठरणार नाही, आणि ती झालेली नाही. जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरोगी ज्या देशात आहेत त्या देशाला हे ठरवता आले नाही, कारण त्या गोळीच्या चाचणीचा खर्च कोण करणार याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

आता हिशेब स्पष्ट होतो. औषधाचे पेटंट संपले की ते कोणाचेही नसते. दहा कंपन्या ते बनवतात. त्यांच्यापैकी एकीने कोट्यवधी रुपये घालून त्याचा नवा उपयोग सिद्ध केला, तर फायदा उरलेल्या नऊ जणींना फुकट मिळेल. म्हणून दहावी तो खर्च करीत नाही. यावर उद्योगपतींचा उपाय तयार आहे: नव्या उपयोगालाही पेटंट द्या. अनेक श्रीमंत देशांत ते दिले जाते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने ते नाकारले. ज्ञात पदार्थाचा केवळ नवा उपयोग सापडणे हा शोध नव्हे, असे कलम ३(ड) सांगते. २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली औषधांवर पुन्हा उत्पादनाचे पेटंट आले, तेव्हा संसदेत डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे हे कलम टिकले, इतकेच नव्हे तर अधिक कडक झाले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला तो याच कलमावर. आणि मार्च २०२३ मध्ये बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधाची मक्तेदारी लांबवण्याचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने नामंजूर केला, तेव्हा हरकत घेणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन होत्या, ज्यांची श्रवणशक्ती क्षयाच्या जुन्या औषधाने गेली होती.

कार्यकर्त्यांनी येथे घसरू नये. उद्या कोणी तज्ज्ञ येऊन सांगेल की जुन्या औषधांतून प्रतिजैविके निघत नाहीत याला कलम ३(ड) जबाबदार आहे, ते काढा. वरवर पाहता युक्तिवाद बिनचूक वाटतो. परंतु नव्या उपयोगाचे पेटंट दिले तर काय होईल? दोन रुपयांची गोळी एका रोगासाठी दोन रुपयांना आणि दुसऱ्यासाठी दोनशे रुपयांना विकण्याचा परवाना मिळेल. शिवाय प्रतिजैविकाचा मूळ विरोध तसाच राहील: मालक अधिक विकू पाहील, आणि अधिक विकले की औषध मरेल. ज्या वस्तूला खाजगी मालक नको, तिच्या संशोधनाचा खर्च समाजाने उचलावा, एवढा सरळ निष्कर्ष काढायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. विहिरीचे पाणी सर्वांचे असेल तर गाळ काढण्याचा खर्चही सर्वांचा.

आणि हे स्वप्नरंजन नव्हे. २०२० च्या साथीत ब्रिटनने सार्वजनिक पैशाने आणि सरकारी रुग्णालयांच्या जाळ्यातून 'रिकव्हरी' नावाची चाचणी उभारली. अवघ्या काही महिन्यांत, जून २०२० मध्ये, तिने सिद्ध केले की डेक्सामेथासोन हे दशकानुदशके वापरातले, काही रुपयांचे औषध अत्यवस्थ रोग्यांचे प्राण वाचवते. त्याच चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन निरुपयोगी ठरवले. एका घरात एक सून आली आणि एक खोटी नोट पकडली गेली, असे म्हणा ना!

आपण त्या काळात काय केले? मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने पुरेशा पुराव्याअभावी आरोग्यसेवकांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याची शिफारस केली. आणि एप्रिल २०२१ मधील नागपूर तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. रेमडेसिव्हिर हेही दुसऱ्या रोगांच्या शोधात निघालेले, इबोलावर कमी पडलेले औषध. मृत्यू टाळण्यात त्याचा फारसा उपयोग दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच आले होते. तरी सहा महिन्यांनी या शहरात माणसे दागिने मोडून त्याच्या कुप्या काळ्या बाजारात घेत होती; उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला दहा हजार कुप्या पुरवण्याचा आदेश द्यावा लागला; मे २०२१ मध्ये वर्ध्यातच त्याचे उत्पादन सुरू झाले. ज्या वर्ध्याने चाळीस वर्षांपूर्वी मालक नसलेल्या तीन औषधांचा जिल्हाभर पद्धतशीर वापर करून दाखवला, त्याच वर्ध्याचे हे दुसरे चित्र. पुराव्यावाचून जुने औषध नव्या रोगावर वापरणे म्हणजे आपण मागतो आहोत ती गोष्ट नव्हे, हे येथे नीट समजून घ्यावे. जंतूंच्या बाबतीत तर त्यात दुहेरी धोका आहे. क्लोफाझिमिन बेफिकिरीने दिले तर जंतू त्याच्यासह बेडाक्विलिनलाही निर्ढावू शकतात. कोलिस्टिन हे मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून टाकून दिलेले जुने औषध शेवटचा आधार म्हणून परत आणले गेले. आणि आपल्याकडे तेच कोंबड्या लवकर फुगाव्यात म्हणून खाद्यात मिसळले जात होते. ती बंदी जुलै २०१९ मध्ये आली.

हे काम करणार कोण, या प्रश्नाला आपल्याकडे एकेकाळी उत्तर होते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने. पेनिसिलिन बनवणे एवढेच तिचे काम नव्हते. तेथील डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूने १९६१ मध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे. सरकारी कारखाना मूलभूत शोध लावू शकत नाही म्हणणाऱ्यांना हे सांगत जावे. १९७५ च्या हाथी समितीने औषधधंद्याच्या केंद्रस्थानी सार्वजनिक क्षेत्र असावे असे म्हटले होते. नव्वदच्या दशकात पिंपरीचा कारखाना आजारी उद्योग ठरला आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन व मालकी विकण्याचा निर्णय घेतला. कारखाना आजारी आणि जमीन मात्र धडधाकट, असे हे निदान! २००८ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने क्षयाच्या औषधांसाठी खुल्या संशोधनाचा एक उपक्रम सुरू केला होता. त्याचाही जोर पुढे ओसरला.

म्हणून आपली मागणी मोघम असू नये. पेटंट संपलेल्या औषधांच्या जंतुरोधक उपयोगांच्या चाचण्यांसाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र, कायम निधी हवा. चाचण्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या जाळ्यातून व्हाव्यात. नागपूरचे मेडिकल, मेयो, एम्स आणि सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान एवढ्या चार ठिकाणी मध्य भारतातील जितके रोगी येतात तितके कित्येक देशांत मिळून येत नाहीत. सर्व निष्कर्ष, अपयशाचे धरून, खुले असावेत. उपयोग सिद्ध झालेले औषध सार्वजनिक कारखान्यात बनावे, म्हणजे भाव परवडत नाही म्हणून ते बाजारातून गायब होणार नाही. आणि त्याच्या विक्रीवर खरी देखरेख हवी. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नयेत हा नियम मार्च २०१४ पासून अधिक कडक झाला आहे. त्याचे काय होते ते कोणत्याही चौकात उभे राहून पाहावे. केरळने २०१८ मध्ये या प्रश्नावर राज्याचा स्वतंत्र कृती आराखडा केला, तेव्हा राज्य सरकारांच्या हाती काही नाही हा बहाणाही चालणार नाही.

एक शंका तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असणार, आणि ती असलीच पाहिजे: चाचण्या म्हणजे पुन्हा गरिबांच्याच देहावर प्रयोग ना? या देशात नकळत, नाममात्र संमतीवर चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांविरुद्ध लोकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आहे. २०१९ च्या नियमांनी चाचणीतील अपायाबद्दल मोफत उपचार व भरपाई बंधनकारक केली. जुन्या औषधाचा नवा उपयोग तपासायलाही परवानगी लागते, ती टाळता येत नाही. पण नियम कागदावर असतो आणि रोगी खाटेवर. तेथे आपला कार्यकर्ता लागेल. क्लोफाझिमिनचेच घ्या. या गोळीने कातडी तांबूस-काळी पडते, आणि ती पूर्ववत व्हायला औषध थांबल्यावरही महिने, कधी वर्षे लागतात. ज्या समाजात मुलीचे लग्न रंगावर अडते, तेथे गडचिरोलीच्या एखाद्या क्षयग्रस्त तरुणीला हे आधी सांगितले पाहिजे. ती गोळी नाकारण्याचा तिला हक्क आहे, नाकारली म्हणून तिचा बाकीचा उपचार थांबता कामा नये, आणि हे सारे संमतिपत्रात मराठीत व गरज असेल तेथे गोंडीत लिहिलेले, तिला वाचून दाखवलेले असले पाहिजे. तिच्या शेजारी बसून ते वाचून दाखवणारा माणूस कंपनीचा वा खात्याचा नसावा, तो गावातला असावा, एवढी अट आपल्या निवेदनात सर्वांत वर घाला.